हळू पोचण्याचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या नेरूळच्या बाल्कनीतून पहाटे सायकलवाले दिसू लागतात. पाम बीच रस्त्यावरून रांगेनं जातात. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा, दांडीला अडकवलेली पाण्याची बाटली. शनिवार-रविवार कुठल्या कुठल्या घाटात जाऊन येतात म्हणे. त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे वालाच्या शेंगा येतात. ओंजळीत घेतल्या की गार लागतात, दहिवरात भिजल्यासारख्या. मी अर्धा किलो घेते, घरी आणते, आणि मग चार-दोन दिवस माझं बोलणं कमी होतं. नवऱ्याला हे ठाऊक आहे. फ्रीज उघडून तो एवढंच म्हणतो, "शेंगा आल्या वाटतं." आणि चहा स्वतः करतो.

तो हिवाळा नव्वदच्या दशकाच्या मधला. आम्ही तेव्हा वाशीला राहत होतो. नवी मुंबई खरोखरच नवी होती. सेक्टर आखलेले, पण दोन इमारतींच्या मध्ये नुसतं गवत. रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे, की सायकल चालवताना हात सोडून बसावं. आम्ही तसेच बसायचो. माझा मोठा भाऊ उदय, करावे गावचा हरेश, कोपरखैरण्याचा दिलीप, आणि मी. कॉलेजमुळे जमलेली चौकडी. हरेशच्या घरची होडी होती. वडील आणि काका खाडीत जाळं टाकायचे आणि हरेशच्या दप्तराला कायम सुक्या बोंबलाचा वास यायचा. दिलीप माथाडी वसाहतीत राहायचा. त्याचे वडील, तात्या, तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचे. आई तो रांगायच्या आतच गेलेली. चौथीपर्यंत तो गावी आत्याकडे वाढला. तिला तो आक्का म्हणायचा आणि तिच्याबद्दल बोलताना त्याच्या तोंडी आपोआप गावची भाषा यायची.

त्याचं गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या पाण्यापलीकडे, कांदाटी खोऱ्यात. महाबळेश्वर उतरून तापोळ्याला जायचं, तिथून लाँच. पावसाळ्यात लाँच बंद पडली की गाव जगापासून तुटायचं. दिलीपच्या मनात होतं की येत्या हिवाळ्यात आपण चौघांनी सायकलवरून त्या गावी जायचं. तेही हायवे सोडून. "हायवेनं गेलं की गावं लागतच नाहीत," तो म्हणायचा, "नुसते फाटे लागतात." रायगडात तेव्हा आतले रस्ते रोजगार हमीवर खडी टाकून ठेवलेले असत. डांबर यायचंय, यायचंय म्हणता म्हणता त्या खडीवर दोन-दोन पावसाळे जात. अशा रस्त्यांनी जायचं ठरलं होतं.

आणखी एक गोष्ट ठरली होती, ती त्याच्या-माझ्यात. त्याला नोकरी लागली की आपापल्या घरी सांगायचं. तोवर कुणालाही नाही, उदयलाही नाही. माझे वडील मंत्रालयात, त्याचे मार्केटात पाठीवर पोतं घेणारे. सोपं जाणार नाही हे दोघांनाही कळत होतं. वाशीच्या खाडीकाठी बसून आम्ही त्या न सोप्या गोष्टीची तालीम करायचो. तो माझे वडील व्हायचा, मी त्याचे तात्या. हसून हसून पोट दुखायचं.

त्या पावसाळ्यात खाडीकाठच्या वसाहतींत घरोघर ताप होता. दिलीपलाही आला. साधा वाटला, मग मलेरिया म्हणाले, मग मेंदूत गेला म्हणाले. भाद्रपद सुरू होता. उदय दवाखान्यातून आला तेव्हा आम्ही जेवत होतो. उभ्या उभ्याच म्हणाला, "दिल्या गेला." आईनं डाव हातात तसाच धरला. "अरेरे, एकुलता एक ना रे तो?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, सवयीनं, माझ्या पानात आमटी वाढली. मी भात कालवला. शेवटचं शीत संपेपर्यंत जेवले. टाकलं असतं तर आईनं विचारलं असतं, काय झालं गं.

पुढचे दिवस मी तशीच जगले. उदय रडला, त्याला आईनं जवळ घेतलं. हरेश आमच्या जिन्यात बसून रडला, त्याला बाबांनी पाणी दिलं. मी "उदयचा मित्र गेला" एवढंच दुःख करायला मोकळी होते आणि तेवढंच केलं. न्हाणीघरात नळ सोडून रडता येतं असं ऐकलं होतं. आमच्याकडे पाणी सकाळी तासभरच यायचं, आणि तेव्हा घरात सगळ्यांची घाई.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तात्या आमच्याकडे आले. आत यायला तयार नव्हते. जिन्यातच उभे राहिले. पांढरी टोपी, गळ्यात मफलर. मान इतकी जाड की बाजूला बघायला सगळं अंग वळवावं लागे.

"उदय, कधी निघायचं?"

"कुठे, तात्या?"

"गावाला. सायकलीवरनं. ठरलं हुतं न्हवं तुमचं?"

उदय बावरला. "तात्या, आता कसलं... आम्ही ते सोडून दिलं."

"कशापायी? त्याची सायकल हाय. म्या पुसून ठिवलीया. त्याच्या जागंला मी येतो."

उदयला नाही म्हणता आलं नाही. कुणालाच आलं नसतं. आईनं मात्र आतून सगळं ऐकलं होतं. मोठं माणूस बरोबर आहे म्हटल्यावर तिनं मलाही लगेच परवानगी दिली. दिलीप असताना याच परवानगीसाठी मी तिच्याशी किती भांडले होते.

आम्ही डिसेंबरात निघालो. पनवेल मागे पडलं, पेण मागे पडलं, आणि मग डांबर सोडलं. भात निघून गेलेलं होतं. खाचरांत नुसते सड, बांधावर पेंढ्याच्या उडव्या, आणि ओलाव्यावर पेरलेला वाल कमरेएवढा वाढलेला. सकाळी धुकं इतकं, की पुढे हरेशच्या सायकलची घंटा ऐकू यायची, हरेश दिसायचा नाही. खडी चाकाखाली करकरत राहायची. पहिल्या दिवशी तो आवाज डोक्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून तो थांबला की चुकल्यासारखं व्हायला लागलं. हँडल धरून हातांना मुंग्या यायच्या. केसांत, दातांत तांबडी धूळ. उताराला खडीवर चाक घसरायचं, चढाला ती चाक धरून ठेवायची. दिलीप असता तर या सगळ्याला काहीतरी नाव देऊन बसला असता. आम्ही नुसते पायडल मारत होतो.

तात्या सगळ्यात मागे. सायकल ते रोजच चालवायचे, कोपरखैरणे ते मार्केट. पण बसायचे असे, की पाठीवर पोतं आहे. अंग पुढे टाकून, मान खाली. आणि प्रत्येक गावाला थांबायचे. पारावर बसायचे, पाणी मागायचे, गाव कोणतं, पीक कसं आहे, पाणी टिकतं का, सगळं विचारायचे. पुढे जाऊन आम्ही वाट बघत बसायचो. तिसऱ्या दिवशी उदयचा धीर सुटला. एका विहिरीच्या काठी तात्या पाय धूत बसलेले, उठायचं नाव नाही.

"तात्या, असं प्रत्येक ठिकाणी थांबलो तर कधी पोचणार?"

"पोचू की."

"एसटीनं एका दिवसात जाता तुम्ही."

"व्हय. एका दिवसात पोचतो." तात्यांनी पाय मफलरनं पुसले. सावकाश, एकेक बोट. "पोर गेलं तवा लाँच बंद हुती. आक्काला निरोप धाडला, तो पण उशिरा पोचला. त्यानंतर मी तिच्याम्होरं गेलोच न्हाई. पोर तिनं वाढवलं, न्हेलं म्या, आन आता..." ते थांबले. "मला एका दिवसात न्हाई पोचायचं, उदय."

उदयनं स्वतःची सायकल परत स्टँडवर लावली आणि विहिरीच्या काठावर तात्यांशेजारी बसला. हरेशनं पिशवीतून शेंगदाणे काढले. त्या दिवसानंतर आम्ही पुढे जाऊन थांबलो नाही. तात्यांच्याच वेगानं चालवायला लागलो. मला वाटतं, आमचा प्रवास खरा तिथून सुरू झाला.

माणगावच्या अलीकडे एका वाडीवर संध्याकाळी पोपटी चालली होती. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा भरायच्या, मीठ-ओवा टाकायचा, तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. सहा-सात माणसं त्या जाळाभोवती बसलेली. आम्हाला बघून त्यांनी हाक मारली. जाळापाशी जागा करून दिली. वाफाळलेल्या शेंगा केळीच्या पानावर ओतल्या तेव्हा जो वास आला, तो आजही कुठे आला की मी चालताना थांबते.

वाढणारी बाई बडबडी होती. तात्यांना म्हणाली, "ही पोरां तुमचीच का?"

"व्हय."

"तिघंच?"

"चार हायती." तात्या शेंग सोलत होते. मान वर केली नाही. "एक मागनं येतोय."

उदयनं माझ्याकडे पाहिलं, मी हरेशकडे. त्या बाईला काय कळणार. तिनं एक पान घेतलं, त्यात मूठ-मूठ करून चांगल्या भरल्या शेंगा घातल्या आणि पुडी बांधली. "मागून येल त्याला नको का? भूक लागलेली आसंल पोराला," म्हणाली. तात्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. सकाळी निघताना ती त्यांनी कॅरियरला सुतळीनं नीट बांधली.

आम्ही त्या पुडीकडे न बघता चालवत राहिलो. मी तात्यांच्या मागेच होते. खडीवर सायकल हादरली की पुडी उडायची आणि मी नजर खाली खडीवर आणायची. ऊन चांगलं तापल्यावर एका ओढ्यापाशी तात्या उतरले. सुतळी सोडली, पान उलगडलं, आणि शेंगा आमच्यासमोर ठेवल्या.

"खावा," ते म्हणाले. "तो न्हाई येत."

हरेश तोंड फिरवून ओढ्याकडे गेला, पाण्यात तोंड धुतलं, परत आला आणि पहिली शेंग त्यानं उचलली. "खाव्या," तो म्हणाला. आम्ही खाल्ल्या. थंड झालेल्या, जराशा आंबूस. एकही उरली नाही.

पोलादपूरवरून आंबेनळी घाट लागतो. तेव्हा तो रस्ता जागोजाग उखडलेला होता, डांबर नावाला. सायकल चालवणं शक्य नव्हतं, ढकलतच नेत होतो. उदय आणि हरेश पुढच्या वळणापलीकडे गेले होते. तात्या आणि मी मागे. झाडीतून ऊन तिरपं येत होतं. मग तात्या म्हणाले,

"दिलीप तुजं नाव घेत न्हवता."

मला ते लागलं, खरं तर. मी खाली बघत सायकल ढकलत राहिले.

"बाकी समद्यांची घ्यायचा," तात्या पुढे म्हणाले. "जेवाया बसला की उदय असा, हरेश तसा. हरेशनं आज मासं दिलं, उदयनं वही दिली. रोज. चार जन फिरता, आन नाव दोघांचंच. तुजं कदी न्हाई." त्यांनी सायकल एका दगडाला टेकवली, दम घेतला. "तवाच मला कळलं हुतं."

मी उभी राहिले. इतके महिने जे मी आमटीभातासारखं गिळून टाकलं होतं, ते या माणसाला आधीपासून ठाऊक होतं. मला वाटलं आता ते काही विचारतील, काही समजावतील. त्यांनी तसं काही केलं नाही. माझ्या सायकलच्या मागच्या कॅरियरला हात लावला आणि पुढची सगळी चढण एका हातानं स्वतःची सायकल, दुसऱ्या हातानं माझी असं ढकलत आले. मी नुसती हँडल धरून चालले.

पुढचं आधीच सांगून टाकते. आम्ही तिघं दोन दिवस गावात राहून एसटीनं परत आलो, सायकली टपावर टाकून. तात्या तिथेच राहिले ते शिमग्यापर्यंत. मग परत मार्केटात गेले, पाठ चालेपर्यंत पोती उचलली, आणि नंतर गावी जाऊन राहिले. आक्का त्यांच्या आधी गेली. मी पुढे शिकले, नोकरी केली, लग्न केलं. लग्नाआधी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चांगला माणूस आहे, त्यानं ते एकदाच ऐकलं आणि जपून ठेवलं. उदय परदेशात असतो. हरेशची खाडी आता गाळानं भरली आहे, होडी तो क्वचितच काढतो. भेटला की आम्ही मुलांच्या, गुडघ्यांच्या गोष्टी बोलतो. दिलीप आमच्या कुणाच्याही बोलण्यात येत नाही. त्याला विसरलोय म्हणून नव्हे. तो त्याच वयाचा राहिला आणि आमच्या गोष्टी त्याला आता कळणार नाहीत, असं काहीतरी असावं.

कधी कधी मला वाटतं, दुःखालाही माणसांत नाव लागतं. आई असलीस तर इतकं, बहीण असलीस तर इतकं, मित्र असलास तर दहाव्यापर्यंत. ज्याला नाव नाही त्यानं ते कुठे घेऊन जावं? मी पंचवीशीच्या आतली पोर, त्या सगळ्या खडीच्या रस्त्यावर हाच प्रश्न घेऊन चालले होते आणि तो प्रश्न आहे हेही मला तेव्हा कळत नव्हतं. फक्त छातीत काहीतरी अडकलेलं असायचं, चढावर श्वास अडकतो तसं. सपाटीवरही.

तापोळ्याला आम्ही सकाळी लाँचमध्ये बसलो. सायकली आडव्या टाकल्या. कोयनेचं पाणी गार, हिरवं, डोंगरांच्या फटीफटीत शिरलेलं. सगळ्या प्रवासात पहिल्यांदा हरेश घरी आल्यासारखा दिसला. पाण्यात हात घालून बसला आणि लाँचवाल्याशी गप्पा मारू लागला. तात्या मात्र टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. काठ जवळ येत गेला तसे ते टोपी घालत, परत काढत. उतरल्यावर चढण होती, मग शेताडीतून पाऊलवाट, मग दहा-बारा घरं. उंबराखाली एक म्हातारा भेटला. त्यानं तात्यांना पाहिलं, राम राम घातला, आणि सायकल पाहिल्यावर वाट सोडून उभा राहिला.

आक्का अंगणात नाचणी पाखडत होती. लहानखुरी, काळी, हातांच्या शिरा दोरीसारख्या. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"आलास व्हय," ती म्हणाली.

"आलो."

दोघं बहीण-भाऊ समोरासमोर उभे होते. मला वाटलं होतं आता हंबरडा ऐकू येईल. तसं झालं नाही. ती पुढे आली आणि तात्यांच्या हातातल्या सायकलच्या सीटवरून तळवा फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "हीच का त्याची?" म्हणाली. तात्यांनी मान हलवली. मग उदय आणि हरेश तिच्या पाया पडले.

"ह्यो उदय," तात्या म्हणाले. "ह्यो हरेश, खाडीकडचा. दिलीपचं दोस्त."

ती त्यांच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मग मी वाकले. तिनं मला उठवलं.

"आन ही पोर?"

"मी उदयची बहीण," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. इतके महिने तेच तर म्हणत आले होते. तात्यांनी हात वर केला, थांब म्हटल्यासारखा. मग त्यांनाही पुढे शब्द मिळेना. ते अंगणाकडे बघत होते, सुपातल्या नाचणीकडे बघत होते, जणू तो शब्द तिथे कुठे सांडला असेल.

"हिचंबी गेलंय, आक्का," ते शेवटी म्हणाले.

आक्कानं मला ओट्यावर नेलं, शेजारी बसवलं, माझा हात आपल्या मांडीवर घेतला. तिच्या तळव्याला नाचणीचा भुसा लागला होता, तो माझ्या हाताला लागला. अंगणात उदय उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्याला आत्ता कळलंय, सगळं, मागचं सुद्धा. मला वाटलं तो रागावेल. तो आला, माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली, आणि पिशवी पोटाशी धरून हरेशजवळ जाऊन उभा राहिला.

"कवाधरनं थांबलीयास?" आक्कानं विचारलं.

"भाद्रपदापासून," मी म्हटलं.

"मग रड आता. हितं कोन इचारत न्हाई."

मी रडले. कशी रडले ते मला नाही सांगता येणार. नळ सोडायला नको होता, कुणाच्या पानाकडे बघायला नको होतं. समोरचा डोंगर, अंगण, सायकल, सगळं पाण्यात गेल्यासारखं दिसत होतं. जरा वेळानं त्या रडण्यात आणखी एक आवाज मिसळला. पुरुषाचा, दबलेला, सवय नसलेला. आक्कानं माझा हात सोडला नाही. दुसरा हात तेवढा तिनं भावापुढे केला.